फ्लशच्या टाकीतलं पाणी थांबत नाही? सुटे भाग आणण्याआधी पाणी कुठून जातंय ते शोधा

टाकी वाहतेय हे बहुतेक वेळा कानाला आधी कळतं. फ्लश करून बराच वेळ झाला तरी पाणी भरण्याचा बारीक सूं-सूं आवाज बंद होत नाही. किंवा बाथरूममध्ये कोणी गेलेलं नसताना टाकी मधूनच काही सेकंद भरते, गप्प होते आणि थोड्या वेळाने पुन्हा भरते. बाकीच्या खुणा डोळ्यांना दिसतात:

– कमोडच्या मागच्या उतारावरून पाण्याचा पातळ पदर सतत खाली येतो. जुनी गळती असेल तर त्याच जागी पिवळट-तपकिरी पट्टा उमटलेला असतो आणि घासून काढला तरी आठवड्याभरात परत येतो.
– बटण दाबल्यावर पाणी जोराने येत नाही, कारण टाकी पूर्ण भरलेलीच नसते.
– बटण दोन-तीनदा दाबलं किंवा जरा हलवलं की वाहणं थांबतं.
– दिवसा सगळं ठीक असतं, आवाज रात्री किंवा पहाटेच येतो.

यातलं एखादं लक्षण दिसलं तर लगेच दुकानात जाऊन टाकीचा पूर्ण संच आणू नका. नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या घरी अशा टाक्या मी वारंवार उघडल्या आहेत. पूर्ण संच बदलावा लागला असं फार थोड्या वेळा झालं. बहुतेक ठिकाणी दोष एका रबरी वॉशरमध्ये, एका बारीक जाळीत अडकलेल्या कचऱ्यात किंवा चुकीच्या उंचीवर लावलेल्या फ्लोटमध्ये निघाला.

आवाज बारीक असला तरी हिशोब मोठा होतो. मिनिटाला 100 मिलीलिटर, म्हणजे अर्ध्या पेल्याइतकं पाणी गेलं तरी दिवसाला 144 लिटर होतात. 6 लिटरच्या टाकीचे ते 24 फ्लश झाले. म्हणून "बघू पुढच्या महिन्यात" असं म्हणू नका.

टाकीत पाणी कसं फिरतं

हे दोन मिनिटांत समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. टाकीत पाणी येण्याची वाट एकच असते, ती म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह. त्याला जोडलेला फ्लोट पाण्याबरोबर वर चढतो आणि ठरलेल्या उंचीला पाणी बंद करतो. बाहेर जाण्याच्या वाटा मात्र दोन. एक तळाशी, फ्लश व्हॉल्व्हच्या रबरी वॉशरखालून. बटण दाबल्यावर हीच उघडते. दुसरी म्हणजे ओव्हरफ्लोची उभी नळी. पातळी प्रमाणाबाहेर वाढली तर पाणी जमिनीवर न सांडता या नळीतून कमोडमध्ये उतरावं, एवढ्यासाठी ती असते.

म्हणजे टाकी वाहतेय याचा अर्थ दोनपैकी एक. एकतर तळाचं वॉशर नीट बसत नाही, म्हणून पाणी खालून निसटतं आणि इनलेट व्हॉल्व्ह ती तूट भरत राहतो. नाहीतर इनलेट व्हॉल्व्ह बंदच होत नाही आणि जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोमधून जातं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, उपाय मात्र पूर्ण वेगळे. वॉशर खराब असताना इनलेट व्हॉल्व्ह बदलला तर पैसे जातात आणि आवाज तसाच राहतो.

(टाकीच नसेल, भिंतीतल्या पाइपवर थेट दाबायचा फ्लश कॉक असेल, तर त्याची रचना वेगळी असते. पुढचं त्याला लागू नाही.)

आधी बटण बघा

याला ना अवजार लागतं ना खर्च. बटण दाबून सोडा. ते पूर्ण वर येतं का, की एका बाजूला तिरकं राहतं? दोन बटणांच्या टाकीत छोटं बटण मोठ्याच्या कडेला घासून अडकणं नेहमीचं आहे. साबणाचा थर किंवा धूळ बसली असेल तर बटणाच्या कडेने ओला जुना टूथब्रश फिरवा.

मग टाकीचं झाकण काढा. बटण झाकणावर असेल तर आधी बटण किंवा त्याचं कडं फिरवून सोडवावं लागतं, झाकण तसंच ओढू नका. सिरॅमिकचं झाकण जड असतं आणि ओल्या हातातून सुटतं. ते कमोडच्या सीटवर किंवा बेसिनच्या कडेला न ठेवता जमिनीवर जाड कापड अंथरून आडवं ठेवा. झाकण फुटलं तर नेमकं तेच सुटं मिळणं महाकठीण.

झाकण बाजूला घेताच वाहणं थांबलं तर दोष बटणात आहे. बटणाच्या खाली आटे असलेली दांडी असते. ती जास्त बाहेर राहिली की झाकण बसवल्यावर फ्लश व्हॉल्व्हला सतत दाबून धरते आणि वॉशर अर्धवट उचललेलं राहतं. दांडी थोडी आत फिरवा. बटण न दाबता दांडीचं टोक आणि व्हॉल्व्ह यांच्यात दोन-तीन मिलिमीटर फट राहिली पाहिजे.

बाजूला हँडल आणि आत साखळी असलेल्या टाकीत साखळी तपासा. ती अगदी ताणलेली असेल तर तळाचं रबरी झाकण पूर्ण बसत नाही. फार सैल असेल तर तिचाच एखादा दुवा रबराखाली जाऊन चिमटतो. साधारण एक सेंटिमीटर ढील पुरते.

पाण्याची पातळी

आता ओव्हरफ्लोच्या नळीकडे बघा. थांबलेल्या पाण्याची पातळी तिच्या तोंडापासून दोन ते अडीच सेंटिमीटर खाली असावी. बऱ्याच टाक्यांच्या आतल्या भिंतीवर पातळीची रेघ कोरलेली असते, ती दिसली तर तीच प्रमाण माना.

पाणी नळीच्या तोंडातून आत उतरताना दिसलं तर फ्लोट हाताने हलकेच वर उचला. पाणी येणं थांबलं तर व्हॉल्व्ह चांगला आहे, फक्त फ्लोट उंच लागलाय. उभ्या दांडीवर सरकणाऱ्या फ्लोटला बहुधा एक लांब स्क्रू किंवा चिमट्यासारखी क्लिप असते, त्याने फ्लोट खाली घ्या. जुन्या पद्धतीच्या लांब दांडीवरच्या गोळ्याला स्क्रू नसेल तर पितळी दांडी दोन्ही हातांनी धरून जराशी खाली वाकवा. दांडी प्लॅस्टिकची असेल तर वाकवू नका, मोडेल. गोळा काढून कानाशी हलवूनही बघा. आत पाणी खळखळलं तर गोळ्याला भोक आहे. तो वर तरंगणारच नाही, मग पातळी कितीही जुळवा.

फ्लोट उचलूनही पाणी येतच राहिलं तर दोष इनलेट व्हॉल्व्हच्या आत आहे. त्याच्याकडे पुढे येऊ.

रात्रीच वाहणाऱ्या टाकीचं कोडंही बहुतेक वेळा इथेच सुटतं. सगळीकडचे नळ बंद झाले की पाइपातला दाब वाढतो. फ्लोटवर चालणारा जुना व्हॉल्व्ह वाढलेल्या दाबाला जरा उशिरा बंद होतो, पातळी थोडी वर चढते आणि दिवसा नळीच्या तोंडाशी थांबणारं पाणी रात्री आत सांडू लागतं. म्हणून पातळी काठाला लावून न ठेवता ती दोन-अडीच सेंटिमीटरची जागा सोडायची.

इनलेट व्हॉल्व्हमधून एक बारीक लवचीक नळी ओव्हरफ्लोकडे गेलेली असेल तर तिचं टोकही बघा. ते ओव्हरफ्लोच्या तोंडावर, पाण्याच्या पातळीपेक्षा वर हवं. कोणीतरी ते आत खोलवर खुपसून ठेवलेलं असतं, म्हणजे "हलायला नको". टोक पातळीच्या खाली गेलं की ती नळी टाकीतलंच पाणी हळूहळू कमोडमध्ये खेचू शकते. मग वॉशर नवं असो की जुनं, पातळी उतरतच राहते.

खुणेची परीक्षा

या सगळ्या तपासण्यांतली ही एक कधीही सोडू नका. टाकी पूर्ण भरू द्या आणि भिंतीवरचा अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा छोटा कॉक, बंद करा. पाणी ओव्हरफ्लोमध्ये सांडत असेल तर ते थांबेपर्यंत थोडं थांबा. मग पाण्याच्या रेषेवर टाकीच्या आतल्या भिंतीला पेन्सिलीने खूण करा, प्लॅस्टिकच्या टाकीत मार्कर वापरा. अर्धा तास कोणालाही फ्लश करू देऊ नका.

पातळी खुणेवरच राहिली तर तळाचं वॉशर ठीक आहे आणि दोष इनलेट व्हॉल्व्हचा. पातळी खाली गेली तर पाणी तळातून जातंय, इनलेट व्हॉल्व्हला हात लावायचं कारण नाही. पातळी उतरून मध्येच एका उंचीला थांबली तर त्या उंचीला ओव्हरफ्लोच्या नळीला चीर आहे किंवा तिथला सांधा सुटलाय. आणि पातळी खुणेच्या वर गेली तर अँगल कॉकच पूर्ण बंद होत नाही. त्यात पातळी काहीच सांगत नाही, आधी कॉक बघावा लागेल.

गळती किती आहे तेही याच वेळी मोजता येतं. अर्ध्या तासानंतर मापाच्या भांड्याने खुणेपर्यंत पाणी ओता. जेवढं ओतावं लागलं त्याला 48 ने गुणा. अर्धा लिटर लागलं तर दिवसाला 24 लिटर जातायत.

शंका उरली तर टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाका आणि वीस मिनिटं थांबा. कमोडमधलं पाणी रंगलं तर टाकीतून पाणी नक्की निसटतंय.

पातळी उतरली, म्हणजे वॉशर

नवीन वॉशर आणण्याआधी आहे ते स्वच्छ करा. कॉक बंद ठेवून फ्लश करा, टाकी रिकामी होईल. मधला उभा फ्लश व्हॉल्व्ह बहुतेक टाक्यांत दोन्ही हातांनी धरून डावीकडे पाव वळसा दिला की सुटतो. काहींना बाजूला दोन क्लिपा असतात, त्या दाबून वर उचलायचं. जोर लावावा लागत असेल तर थांबा आणि कुठे अडकलंय ते टॉर्च मारून बघा.

व्हॉल्व्हच्या खालच्या टोकाला वॉशर असतं. त्याच्या कडेवरून बोट फिरवा. बोटाला काळं लागलं तर रबर विरघळू लागलंय, ते धुऊन उपयोग नाही. सगळीकडे सारखा खोलगट वर्तुळाकार ठसा दिसला तर रबर दबलंय. बरेचदा मात्र रबर मऊ आणि चांगलं असतं, फक्त एका जागी वाळूचा कण किंवा क्षाराची खरखरीत पापडी बसलेली असते आणि तेवढ्याच फटीतून पाणी निसटत असतं. तीच तपासणी टाकीच्या तळाशी, वॉशर ज्या कडेवर टेकतं तिथे करा. डोळ्याला गुळगुळीत दिसणारी कड बोटाला खडबडीत लागते. पूर्ण फेरी मारा. पापडी बहुधा हात सहज पोचत नाही त्याच बाजूला असते.

कड नायलॉनच्या घासणीने साफ करा. सुरी, पाना, लोखंडी काथ्या वापरू नका. प्लॅस्टिकवर पडलेला एक ओरखडा पुढची कायमची गळती ठरतो. क्षार चिवट असेल तर कापड व्हिनेगरमध्ये भिजवून अर्धा तास त्यावर ठेवा. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: टाकीत किंवा कमोडमध्ये ब्लीच घातलेलं असेल तर व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल त्याच्याबरोबर वापरायचं नाही. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि बाथरूमसारख्या बंद जागेत तो धोक्याचा आहे.

सपाट आणि दोन्ही बाजूंनी सारखं वॉशर असेल तर ते उलटं करून बसवलं की काही दिवस भागतं. नवीन मिळेपर्यंतची सोय म्हणून ठीक.

नवीन आणताना जुनं वॉशर सोबत न्या. बाहेरचा व्यास, आतल्या भोकाचा व्यास आणि जाडी, तिन्ही जुळायला हवीत. "जवळपास सारखं" चालत नाही. एक मिलिमीटर जास्त जाड वॉशरमुळेही व्हॉल्व्ह पूर्ण खाली बसत नाही. सिलिकॉनचं मिळालं तर तेच घ्या, ते जास्त टिकतं. बसवताना पाणी लावा, तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, त्याने रबर फुगतं. व्हॉल्व्ह परत लावल्यावर हलकेच वर ओढून बघा. उचलला गेला तर तो नीट अडकलेला नाही आणि वॉशर तिरकं बसणार.

टाकीत टाकायच्या निळ्या किंवा ब्लीचच्या वड्या वापरत असाल तर बंद करा. त्या दिवसरात्र रबराला भिजवत ठेवतात. वॉशर लवकर का गेलं याचं उत्तर बरेचदा त्याच असतात.

पातळी उतरली नाही, म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह

इथेही आधी सफाई. पाणी बंद होऊन परत आलं किंवा वरची साठवण टाकी धुतली की त्यानंतर दोन-चार दिवसांत ही तक्रार उभी राहते, कारण पाइपात सुटलेला गाळ थेट इथे येऊन अडकतो.

कॉक बंद करा. टाकीखालची लवचीक जोडनळी सोडवा, खाली भांडं ठेवा. व्हॉल्व्हच्या तोंडाशी बहुतेक वेळा बोटाच्या पेराएवढी जाळी असते. ती चिमट्याने ओढून काढा आणि नळाखाली उलट्या बाजूने धुवा. जाळी चोंदली की टाकी भरायला फार वेळ लागतो, आणि जाळी फाटली किंवा कोणी काढून फेकली असेल तर गाळ आत जाऊन व्हॉल्व्ह बंद होऊ देत नाही. म्हणून ती परत बसवायलाच हवी.

जाळी धुऊन, जोडनळी परत लावूनही फरक पडला नाही तर व्हॉल्व्हच्या डोक्याचं झाकण उघडा. हेही पाव वळशाने किंवा क्लिपेने सुटतं. आत रुपयाएवढा रबरी पडदा असतो. तो कुठल्या बाजूने बसलाय त्याचा आधी फोटो काढा. त्याच्यावर एक अगदी बारीक छिद्र असतं. ते बुजलं तर व्हॉल्व्ह बंद व्हायला लागणारा दाबच तयार होत नाही. छिद्र पाण्याने मोकळं करा, टाचणीने मोठं करू नका. मग उघड्या व्हॉल्व्हवर पेला उलटा धरून कॉक दोन-तीन सेकंद थोडासा उघडा. आतला गाळ उडून बाहेर येतो आणि पेल्यामुळे पाणी छताला जात नाही. पडदा फाटला किंवा कडक झाला असेल तर त्याच बनावटीचा सुटा पडदा मिळतो का ते बघा. नसेल तर इनलेट व्हॉल्व्ह बदलायचा.

बदलणं अवघड नाही. टाकी रिकामी करून तळ स्पंजने टिपून घ्या, जोडनळी सोडा, टाकीच्या बाहेरची प्लॅस्टिकची चाकी फिरवून काढा, जुना व्हॉल्व्ह बाहेर, नवा आत. रबरी वॉशर टाकीच्या आतल्या बाजूला. चाकी हाताने घट्ट करा, मग पान्याने फार तर पाव वळसा. त्याहून जास्त आवळलं तर प्लॅस्टिकचे आटे जातात किंवा सिरॅमिकला तडा जातो. रबरी वॉशर असलेल्या सांध्याला टेफ्लॉन टेप गुंडाळायची गरज नसते, उलट तिने वॉशर वाकडं बसतं.

दुरुस्ती कुठलीही असो, खुणेची परीक्षा पुन्हा करा. आवाज थांबला म्हणजे गळती थांबली असं नाही. ठिबक आवाज करत नाही.

इथे थांबा आणि प्लंबरला बोलवा

अँगल कॉक फिरत नसेल किंवा फिरवताना त्याच्या दांडीतून पाणी येऊ लागलं तर पक्कड लावू नका. जुना कॉक भिंतीत मोडला तर मुख्य पुरवठा बंद केल्याशिवाय पाणी आवरत नाही. घराचा मुख्य कॉक कुठे आहे हे काम सुरू करण्याआधीच माहीत करून घ्या.

टाकी भिंतीत लपवलेली असेल तर बटणाची पट्टी काढून इनलेट व्हॉल्व्ह आणि वॉशर बाहेर काढता येतात, पण जागा अरुंद असते आणि आत पडलेला सुटा भाग हाताला लागत नाही. तिथे मी पट्टी काढून बटणाच्या दांड्या तपासण्यापलीकडे जा असं सांगणार नाही.

टाकीला तडा दिसला, टाकी आणि कमोड यांच्या सांध्यातून पाणी येत असेल किंवा जमीन ओली राहत असेल तर हा वॉशरचा प्रश्न उरलेला नाही. योग्य मापाचं नवीन वॉशर बसवूनही पातळी खुणेखाली जात असेल तर तळाची कड झिजली आहे. ती बदलायला बऱ्याच टाक्या कमोडवरून उतरवाव्या लागतात, आणि ते एकट्याने करायचं काम नाही. नवे इनलेट व्हॉल्व्ह थोड्याच काळात पुन्हा पुन्हा खराब होत असतील तर पाण्याचा दाब मोजून घ्यायला सांगा.

प्लंबर येईपर्यंत अँगल कॉक चालत असेल तर बंद ठेवा आणि टाकी भरण्यापुरताच उघडा, किंवा बादलीने पाणी ओता. त्याला फोनवर नुसतं "फ्लश वाहतोय" न सांगता पातळी खुणेखाली उतरली की नाही, फ्लोट उचलल्यावर पाणी थांबलं की नाही एवढं सांगा आणि टाकीच्या आतला एक फोटो पाठवा. म्हणजे तो योग्य भाग सोबत घेऊनच येईल.